सपाट इ.

सर, इ. म्हणजे इत्यादी नव्हे, हे मला मागच्या रविवारी कळलं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तुमचा लेख परत आला त्याला दहा, आणि मला आत्ता कळतंय. पाच दिवस झाले, मी कॉलेजला जाते, डबा करते, पेपर तपासते, आणि मध्येच हात थांबतो. हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना सांगायला हवं ते तुम्हीच. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी मॉड्यूल म्हणजे काय ते समजवावं लागेल, आणि तोवर माझा धीर सुटेल.

काकू आता मुलीकडे पुण्याला राहायला चालल्या आहेत. नाशिकरोडच्या कॉलनीतली दोन खोल्यांची जागा विकायची ठरली, म्हणून त्यांनी मला फोन करून बोलावलं, की सरांची बीजगणिताची पुस्तकं घेऊन जा, रद्दीत घालायला मन होत नाही. तुम्ही असताना मी कितीतरी वेळा तुमच्याकडे आले, पण बाहेरच्या खोलीच्या पुढे कधी गेले नव्हते. या वेळी पुस्तकं बांधून झाल्यावर काकू म्हणाल्या, आत ये, चहा टाकते. आत गेले. काकूंनी कप काढायला भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं दिसलं. तुमचं अक्षर मी हजारात ओळखीन. ‘दळण आणलं. दूध तापवलंय. इ.’

“काकू, इत्यादी म्हणजे अजून काय काय केलं होतं सरांनी?” मी हसत विचारलं. खरंच हसत होते मी, सर.

“इत्यादी नाय गं,” काकू म्हणाल्या. “इमानी. सही हाय ती त्यांची. मी सकाळच्या शाळेवर जायचे ना, मग ते असं लिहून ठेवायचे दारावर. ते गेल्यापासून मी ते दार पुसलं नाय.”

“इमानी?”

“त्यांच्या गणितातला शब्द. एकदा मी भाकरी थापत होते, तर इथं पाटावर येऊन बसले. म्हणे, फेथफुलला आपल्यात काय म्हणायचं गं? मी म्हटलं, कशाला लावायचाय, कुत्र्याला का नवऱ्याला? म्हणे, गणिताला. विश्वासू नको म्हणे, ते लोक अर्जाच्या खाली लिहितात, मनापासून कोण लिहितं. मग मी म्हटलं, आमच्या येवल्याकडं इमानी म्हणत्यात. लय खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून दारावर इ.”

काकू हे सांगत चहात आलं किसत होत्या. मला आधी काही वाटलंच नाही. कानात काहीतरी बंद झाल्यासारखं झालं, एवढंच. काकू ‘साखर किती’ विचारत होत्या आणि साखर किती घेते ते मला क्षणभर आठवेना. मग एकेक ओळ डोळ्यांपुढे यायला लागली. सपाट इ. असल्यामुळे. सपाट इ. असेल तर. मी चहा घेतला, पुस्तकांचे दोन गठ्ठे रिक्षात टाकले आणि काकूंना नमस्कार करायचंसुद्धा विसरले.

आता सगळं क्रमानं लिहिते. क्रम सोडला की मी स्वतःला सूट देते, हे तुम्ही मला एम.एस्सी.च्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. फळ्यावर मी एक सिद्धता लिहीत होते आणि एका जागी अडल्यावर म्हणाले, पुढचं उघड आहे. तुम्ही खिडकीपाशी उभे होतात. “उघड आहे म्हणतेस ना, तिथंच थांब,” तुम्ही म्हणालात. “उघड असेल तर एका ओळीत होईल. लिही ती ओळ.” मला ती ओळ लिहिता येईना. वर्गात आम्ही नऊ जण होतो आणि बाकीच्या आठही जणांना माझे कान लाल झालेले दिसले. तुम्ही मात्र आवाज चढवला नाही. खडू माझ्याच हातात ठेवून पाच मिनिटं थांबलात.

वर्गात तुम्ही इंग्रजीतून शिकवायचात, कारण अभ्यासक्रम इंग्रजीत. शब्द तोलून, सावकाश, पाय घसरेल अशा वाटेनं चालल्यासारखं. पण जिन्यावर, चहाच्या टपरीवर, कॉलेज रोडच्या फुटपाथवर तुम्ही मराठीत बोलायला लागलात की नांदगावकडचं बोलणं आपोआप यायचं आणि गणित सुटं व्हायचं. “इंग्रजीत वाचतो गं मी, पण पटतं मराठीत,” असं तुम्ही म्हणायचात. तुमचे वडील रेल्वेत गँगमन, तुम्ही दहावीपर्यंत मराठी शाळेत, आणि बीजगणिताचं पहिलं इंग्रजी पुस्तक तुम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं होतं. तोच शब्दकोश पुढे तुम्ही मला दिलात. पुठ्ठा सुटलेला, पाठीला काळी चिकटपट्टी. तो अजून माझ्याकडे आहे.

आठ वर्षं तुम्ही एका प्रश्नावर बसला होतात. मला तो जिन्यात उभं राहून सांगितला होतात. एक वलय असतं, म्हणजे ज्यात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार चालतात असा संख्यांचा संसार. त्याच्या जिवावर जगणारं मॉड्यूल असतं. त्या वलयातून नवं, मोठं वलय तयार करायचं आणि मॉड्यूलला उचलून तिथे न्यायचं. नव्या जागी ते शहाण्यासारखं वागलं, तर ते घरीही शहाणंच होतं असं म्हणता येईल का? तुमचं उत्तर होतं, येईल, पण वाट चांगली हवी. “नेताना चेंगरायला नको,” तुम्ही एकेक बोट दुमडत म्हणालात, “आणि नेताना हरवायला नको.” मग तुम्ही घड्याळ दाखवलंत. बारा तासांचं गणित घ्या, त्यात कुठलाही तास बाराने गुणला की शून्य. ते पूर्णांकांच्या घरातून अपूर्णांकांच्या घरात न्या. तिथे बाराने भागता येतं. मग ज्याला बाराने गुणून शून्य येतं ते मुळातच शून्य. अख्खं घड्याळ गायब. चेंगरलं काहीच नाही, पण हरवलं सगळं. मी मान डोलवली. मला वाटलं, सर दोन्ही गोष्टी बोलण्याच्या ओघात म्हणताहेत. चेंगरणं, हरवणं, एकच.

लेख तुम्ही मराठीत लिहिलात, शंभरपानी वहीत, निळ्या शाईनं. नियतकालिकाला पाठवायचा तर इंग्रजीत हवा. माझी टायपिंगची परीक्षा झालेली होती, इंग्रजी बरं होतं आणि मला स्वतःविषयी फारच बरं वाटत होतं. मीच म्हणाले, मी करते सर. तुम्ही वही दिलीत, शब्दकोश दिलात. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी दोन ते पाच कॉलेज रोडच्या एका डीटीपी सेंटरमध्ये बसते आहे. मालक दुपारी घरी जेवून झोपतो म्हणून एक कॉम्प्युटर मोकळा असतो. पंखा कागद उडवतो, म्हणून वहीच्या झेरॉक्सवर डबा ठेवलेला आहे. चिन्हं कॉम्प्युटरमध्ये नाहीत, तिथे मी जागा सोडते आणि नंतर काळ्या पेनानं भरते. सपाट म्हणजे फ्लॅट, हे कळायला शब्दकोश लागला नाही. आणि सपाटच्या पुढे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तुम्ही लिहिलंय, इ.

मी काय केलं ते सांगते. मी म्हटलं, सरांना इत्यादी लिहायची खोड आहे. गणिताच्या लेखात इत्यादी कसं चालेल? परदेशातले लोक हसतील. म्हणून मी ते गाळलं. तुमच्या भल्यासाठी गाळलं, सर. जिथे ‘सपाट इ. असेल तर’ होतं तिथे नुसतं फ्लॅट लिहिलं. आणि सिद्धतेत जिथे ‘इ. मुळे हे शून्य होत नाही’ असं होतं, तिथे त्या वाक्याचा अर्थच लागेना. इत्यादीमुळे शून्य होत नाही म्हणजे काय? तिथे मी लिहिलं, क्लिअरली. उघड आहे. अशा तीन जागा आहेत. रविवारी मी त्या तिन्ही पाहिल्या.

पाकीट टपालात टाकायच्या दिवशी मी प्रत तुमच्यापुढे ठेवली. पोस्ट बंद व्हायला अर्धा तास होता. तुम्ही वरचं पान वाचलंत, स्वतःचं नाव इंग्रजीत छापलेलं बघून जरा लाजलात आणि सही केलीत. मी म्हटलं, सर, एकदा नजर टाकता का? तुम्ही म्हणालात, “तू केलंय ना. मग बघायचं काय त्यात.” सीबीएस स्टँडजवळच्या पोस्टात आपण दोघं गेलो होतो. येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात, आणि दुकानदाराला विनाकारण सांगितलंत की ही माझी विद्यार्थिनी, निफाडची, लय हुशार.

सात महिन्यांनी उत्तर आलं. मी विभागात आले तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होतात आणि टेबलावर ते पत्र होतं. तीनच ओळी. मुख्य प्रमेय चुकीचं आहे, त्याचा पहिला भागसुद्धा टिकत नाही. पूर्णांकांचं वलय घ्या, त्यावर परिमेय संख्यांचं, आणि मॉड्यूल म्हणून परिमेय संख्याच घ्या. बस. नव्या घरी ते मॉड्यूल एकट्या एक या संख्येतून उभं राहतं. जुन्या घरी मूठभर अपूर्णांकांतून ते कधीच उभं राहत नाही, कितीही घेतले तरी त्यांच्यापलीकडचा छेद उरतोच. हे उदाहरण एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला येतं. मी ते वाचलं. लाज वाटली मला, तुमची. आणि मी म्हणाले, हे वाक्य मी आजपर्यंत कुठेही लिहिलेलं नाही, “सर, एवढं साधं उदाहरण तुम्हाला दिसलं नाही?”

टाइप केलेली प्रत माझ्याकडून मागून घेतलीत. दुसरं पान उलटलंत. एका ओळीखाली तुमचं बोट थांबलं, मग तिसऱ्या पानावर थांबलं. तिथे क्लिअरली होतं. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत, बराच वेळ. तेव्हा मला वाटलं, बिचारे ओशाळले. मग तुम्ही प्रत मिटलीत आणि म्हणालात, “नाही दिसलं.”

त्याच आठवड्यात माझी पुण्याला फेलोशिपची मुलाखत होती. शिफारसपत्र तुमचंच होतं. त्यात तुम्ही लिहिलं होतं की माझ्या लेखाचं भाषांतर हिने केलं, अत्यंत काळजीपूर्वक. ते शब्द मी पाकीट उघडून चोरून वाचले होते. आता कळतंय, मुलाखतीच्या चार दिवस आधी तुम्ही मला खरं सांगितलं असतंत तर मी तिथे तोंड उघडू शकले नसते. मला फेलोशिप मिळाली. मी पुण्याला गेले. विभागात तुमच्यावर विनोद झाले, आठ वर्षं घासून पहिल्याच पायरीवर पडले म्हणून, आणि ते विनोद सुरू कोणी केले हे तुम्हाला कधी कळलं का, मला माहीत नाही. मी बाकीच्या आठ जणांना त्या दिवशी टपरीवर सगळं रंगवून सांगितलं होतं.

पुण्याच्या होस्टेलवर तुमचं एक कार्ड आलं होतं. ‘सवडीनं एकदा येऊन जा. एका अक्षराचं काम आहे.’ मी ते मैत्रिणीला दाखवलं. म्हटलं, आमचे सर बघ, किती संकोचानं बोलावतात, एका अक्षराचं काम म्हणे. मला वाटलं बोलायची पद्धत आहे, थोडंसंच काम आहे असं म्हणायचंय. मी उलट टपाली कळवलं, परीक्षा झाल्यावर येते. परीक्षा झाल्या, मग दुसऱ्या परीक्षा आल्या. तुम्ही परत लिहिलं नाहीत. दोन वर्षांनी काकूंचाच फोन आला, हृदयविकाराचा झटका आला, फळ्यापुढेच. मी आले तेव्हा तुम्हाला नेलेलं होतं.

सर, तुम्ही अक्षरशः लिहिलं होतंत. एक अक्षर. मी रविवारपासून हेच पुन्हा पुन्हा म्हणते आहे, भांडी घासताना, बसमध्ये. तुम्ही मला एकदाही खोटं सांगितलं नाहीत. ‘नाही दिसलं’ हेसुद्धा खरंच होतं. ते कोणाच्या कामात नाही दिसलं, एवढंच तुम्ही सांगितलं नाहीत. आणि मला तुमचा राग येतो. हो, येतो. ओरडला असतात तर काय बिघडलं असतं? वही माझ्या अंगावर फेकली असतीत तर मी रडले असते, एका दुपारीत ते शब्द बदलले असते आणि लेख परत गेला असता. नाहीतर दुसऱ्या कोणी टाइप करून दिला असता की. पण तुम्ही माझी वाट बघत बसलात.

रविवारी घरी आल्यावर मी माळ्यावरून जुनी पेटी काढली. त्या वहीची झेरॉक्स मी तेव्हा काढून घेतली होती, रोज मूळ वही बसमध्ये नेताना फाटेल म्हणून. नवऱ्यानं विचारलं, काय शोधतेस? मी म्हटलं, काही नाही. जमिनीवर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागले, आणि प्रत्येक इ. ला मनात इमानी म्हणत गेले: सपाट म्हणजे चेंगरू न देणारी वाट, इमानी म्हणजे हरवू न देणारी. सर, सगळं बरोबर आहे. एक ओळ निसटत नाही. मॉड्यूलच्या शहाणपणाचे चार गुण, प्रमेयाचे चार भाग: पहिला पुस्तकातलाच, दुसरा-तिसरा सोपा, आणि चौथा तुमचा, कुठेच नसलेला. निदान तेव्हा कुठेच नसलेला. सोमवारी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर शोधलं. चार वर्षांपूर्वी तो दुसऱ्या कोणाच्या नावावर छापून आलाय. सिद्धता तुमच्याएवढी सरळ नाही, पण बरोबर आहे.

आणि त्या झेरॉक्सच्या दुसऱ्या पानावर, पहिल्या इ. च्या शेजारी, पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह आहे. ते माझं आहे. ते काढलं तो दिवस मला लख्ख आठवतो, कोणी शपथ घालून विचारलं तरी मी विसरले असं म्हणू शकणार नाही. मला शंका आली होती. सरांना विचारू, असं मनात आलं होतं. तुम्ही तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे, विभागातच होतात. साडेपाचची निफाडची बस गाठायची होती, आणि इत्यादी म्हणजे काय असं विचारणारी मुलगी मला व्हायचं नव्हतं. मी पुढच्या पानावर गेले.

काकूंना मी काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं तो शब्द तुमच्या गणितात छापून आला. मी निघताना त्या म्हणाल्या, “माझा एक शब्द हाय बरं का त्या पुस्तकात, बघ सापडला तर.” मी हो म्हटलं.

आता शेवटचं, आणि हे लिहायचं म्हणूनच मी बहुतेक बाकीचं सगळं लिहिलं. मी आता एम.एस्सी.ला तुमचाच विषय शिकवते. दर वर्षी फ्लॅट मॉड्यूलच्या तासाला मी एक गोष्ट सांगते, नाव न घेता: आमचे एक सर होते, त्यांनी आठ वर्षं घालवली आणि सगळ्यात साधं उदाहरण तपासायचं विसरले. मुलं हसतात आणि उदाहरण त्यांच्या कायमचं लक्षात राहतं. गोष्ट फार उपयोगी पडते. या वर्षी तो तास नेमका काल, गुरुवारी आला. मी रात्रभर ठरवून गेले होते. फळ्यावर घड्याळ काढलं, चेंगरणं आणि हरवणं वेगळं करून सांगितलं, तुमच्याच शब्दांत. सांगितलं, की आमच्या सरांचं प्रमेय बरोबर होतं, टाइप करताना एक शब्द गळला आणि ते चुकीचं ठरलं. पहिल्या बाकावर पेठ तालुक्यातून येणारी एक मुलगी बसते, प्रत्येक ओळीला का विचारणारी. तिनं हात वर केला.

“मॅडम, टाइप कोणी केलं होतं?”

माझ्या हातात खडू होता. तिला उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. मी फळ्याकडे वळले, घड्याळ पुसायला लागले आणि म्हणाले, “होता कोणीतरी डीटीपीवाला.”